प्लॉटिंगच्या कॉलनीत पाणी आणि झाडं : कामाचा क्रम कसा लावायचा

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, जालना, परभणी... कुठल्याही शहराच्या बाहेरच्या अंगाला जा, कालपर्यंत ज्यात ज्वारी-सोयाबीन होतं ते वावर आज एन.ए. प्लॉटिंग झालेलं दिसतं. तीस बाय पन्नासचे प्लॉट, नऊ मीटरचे रस्ते, निम्मी घरं बांधून झालेली आणि उरलेल्या प्लॉटांवर गाजरगवत नाहीतर वेडी बाभूळ. उन्हाळ्यात टँकर येतो. सप्टेंबरात तोच टँकरवाला रस्त्यातलं पाणी बघून गाडी कोपऱ्यावरच थांबवतो.

अशा कॉलनीकडे एक मोठं भांडवल असतं, ते म्हणजे मोकळी जमीन. जुन्या गावठाणात झाडाला खड्डा काढायला जागा नाही. इथे रस्त्याच्या दोन्ही कडा मोकळ्या आहेत, ओपन स्पेस आहे, नाल्याचा काठ अजून कुणी दाबलेला नाही. पण हे भांडवल फार दिवस टिकत नाही. एकदा कडेपासून कडेपर्यंत सिमेंटचा रस्ता झाला, प्रत्येकाने घरासमोर रॅम्प ओतला आणि ओपन स्पेसला पेव्हर ब्लॉक बसले की पुढे पन्नास वर्षं काही करता येत नाही. म्हणून कॉलनीच्या समितीने, गृहनिर्माण संस्थेने किंवा शहराच्या कडेच्या ग्रामपंचायतीने काय करावं आणि कुठल्या क्रमाने करावं, ते इथे लिहितो. क्रमावर माझा सगळा भर आहे. आपल्याकडे झाडं आधी लागतात आणि पाण्याचा विचार झाडं वाळल्यावर होतो. तो उलटा करायचा : आधी पाण्याची वाट, मग माती, मग झाड.

पाऊस किती आणि कसा

मराठवाड्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नांदेड-हिंगोलीकडे जास्त, बीड-धाराशिवच्या काही भागांत कमी. हा आकडा वाईट नाही. अडचण त्याच्या पडण्याच्या तऱ्हेत आहे. जून-जुलैत मोठी उघडीप, आणि मग दोन-चार दिवसांत महिन्याचा पाऊस. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण भरलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर धाराशिव, बीड, लातूरकडे पुराने शेतंच्या शेतं खरवडून नेली. आपल्या कॉलनीला दोन्हींची तयारी एकाच जमिनीवर करायची आहे.

हिशेबासाठी एक कॉलनी धरू. क्षेत्र २ हेक्टर, म्हणजे सुमारे ५ एकर. त्यात १५० चौरस मीटरचे ८० प्लॉट, रस्त्यांखाली ५,००० चौरस मीटर, ओपन स्पेस २,००० चौरस मीटर आणि बाकी सुविधा. या जमिनीवर वर्षाला १ कोटी ४० लाख लिटर पाऊस पडतो. एका दमदार सरीत ५० मिलिमीटर पडला तर १० लाख लिटर. हे सगळं अडवायचं नाही. ते जमणारही नाही. एका वेळच्या पावसातले पहिले २५ मिलिमीटर कॉलनीतच थांबले आणि वरचं पाणी कुणाच्या घरात न शिरता नाल्याला गेलं, एवढं उद्दिष्ट ठेवा. वर्षातल्या बहुतेक सरी त्यात बसतात.

पहिलं काम : कागद

तीन कागद मिळवा. मंजूर ले-आऊटची प्रमाणित प्रत, गावनकाशा आणि गटाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. महापालिका-नगरपालिका हद्दीत ले-आऊट नगररचना विभागाकडे मिळतो. कुणी द्यायला टाळाटाळ केली तर माहिती अधिकारात अर्ज करा.

ले-आऊटवर ओपन स्पेस शोधा. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती नेमकी कुठे आहे आणि तिची मापं काय, हे समितीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं. ओपन स्पेस पुष्कळदा विकासकाने कोपऱ्यातल्या खड्ड्यात किंवा नाल्याला लागून सोडलेली असते आणि लोक नाराज असतात. मला मात्र ती जागा उत्तम वाटते. पाणी आपोआप तिथेच येतं.

गावनकाशा यासाठी, की त्यावर जुना ओढा, पाणंद आणि शेताचे बांध दिसतात. ले-आऊट पाडताना जो ओढा बुजवला गेला, पाणी त्याची वाट विसरलेलं नसतं. ज्या गल्लीत दर पावसाळ्यात पाणी तुंबतं तिच्याखाली गावनकाशावर निळी रेघ असण्याची शक्यता फार मोठी आहे.

गुंठेवारीतल्या, म्हणजे ले-आऊट मंजूर न करता गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या वसाहतींना यातलं काहीच लागू होत नाही असं समजू नका. त्या नियमित करण्याचा गुंठेवारी अधिनियम २००१चा, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहती त्यात आल्या. तिथे ओपन स्पेस बहुधा नसतेच. मग रस्त्याची कड, वळणावरचा तिकोनी तुकडा आणि नाल्याचा काठ, या तीनच जागा धरून चाला.

दुसरं काम : उतार स्वतः मोजायचा

सर्व्हेअर परवडत असेल तर बोलवा. नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी पुरते. वीस-पंचवीस मीटरची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक पहिल्या विजेच्या खांबाला आणि दुसरं पुढच्या खांबाकडे धरा. नळी पोचत नसेल तर मधे एक खुंटी ठोकून दोन टप्प्यांत मापा. दोन्हीकडे पाणी स्थिरावलं की पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे दोन खांबांमधला उतार. असं खांबामागून खांब करत गेलं की एका सकाळी दोन माणसं पूर्ण गल्लीचा उतार कागदावर आणतात. शाळकरी पोरं या कामाला सगळ्यात चांगली, आकडे नीट लिहितात.

मग पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघा आणि पाऊस चालू असताना छत्री घेऊन फिरा. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थांबतं, हे मोबाइलवर टिपा. उघडीप पडल्याबरोबर त्या वाटा फक्कीने जमिनीवर आखा. वरच्या अंगाच्या शेतातून किंवा शेजारच्या ले-आऊटमधून पाणी आत येत असेल तर ती जागा खास नोंदवा. आपण फक्त आपल्या कॉलनीच्या पावसाचा हिशेब करतो आणि बाहेरून येणारं पाणी तो मोडतं.

तिसरं काम : खड्डा खणून माती विचारायची

इथे लातूर-परभणीचा सल्ला संभाजीनगरला चालत नाही. गोदावरी, मांजरा, पूर्णेच्या खोऱ्यांत काळी चिकण माती खोल असते. बालाघाटाच्या माथ्यावर किंवा संभाजीनगरच्या टेकड्यांकडच्या भागात हातभर मातीखाली मुरूम लागतो, मग काळा खडक.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून घटाघटा आत जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, जमीन छान पाणी पिते. दोन-तीन पावसांनंतर तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वर पाणी साचतं. म्हणून मुरण्याची चाचणी कोरड्या जमिनीवर घेऊ नका. ओपन स्पेसमध्ये दोन-तीन ठिकाणी फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढा, काठोकाठ भरा, मुरू द्या. परत भरा. दुसऱ्या वेळी पट्टीने मोजा की तासाला पाणी किती उतरलं. तासाला १२-१५ मिलिमीटरच्या वर उतरलं तर तिथे पाणी मुरवण्याचं काम होईल. त्याहून कमी असेल तर जेसीबीने एक खोल खड्डा काढून मुरूम किती खाली आहे ते बघा. दीड मीटरच्या आत मुरूम लागला तर चर किंवा खड्डा मुरमापर्यंत नेऊन तळाशी दगड-खडी भरता येते. दोन मीटर खणूनही काळीच लागत असेल तर मुरवण्याचा हट्ट सोडा. तिथे पाणी साठवायचं, संथ वाहू द्यायचं आणि झाडांना पाजायचं.

काळ्या मातीची आणखी एक गोष्ट घर बांधणाऱ्याला ठाऊक असते, झाड लावणाऱ्याला नसते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि पायाला हलवते. त्यामुळे शोषखड्डा किंवा पाणी थांबवणारा वाफा घराच्या पायापासून किमान ३ मीटर लांब हवा. मोठं झाडही भिंतीला चिकटून नको. उन्हाळ्यात त्याच्या मुळांनी पाया भोवतालची माती कोरडी केली की भिंतीला तिरकी भेग जाते.

चौथं काम : रस्ता होण्याआधी रस्त्याबद्दल बोलायचं

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या.

सिमेंट रस्ता मंजूर झाला की कॉलनीत आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. चिखलात लेकरांच्या स्कूल व्हॅन अडकलेल्या ज्यांनी पाहिल्या त्यांना ते सांगायला नको. पण रस्ता कसा करायचा हे अंदाजपत्रक तयार होताना ठरतं. कंत्राटदाराची मशीन उभी राहिल्यावर हातात काही नसतं. नगरसेवकाला, अभियंत्याला किंवा ग्रामपंचायतीला पत्र द्यायचं ते अंदाजपत्रकाच्या वेळी, आणि पत्रात चार मागण्या करायच्या.

पहिली, रुंदीची. कमी वस्तीच्या कॉलनीत नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर साडेपाच मीटर पक्का भाग पुरतो. समोरासमोर दोन चारचाकी आरामात निघतात. दोन्ही बाजूंना पावणेदोन मीटर माती उरते. आपल्या उदाहरणातल्या कॉलनीत रस्त्यांची लांबी साधारण ५५५ मीटर आहे. थोडं मुरतं-उडतं ते वजा केलं, तर पूर्ण नऊ मीटर सिमेंट केल्यास २५ मिलिमीटर पावसात रस्त्यावरून अंदाजे १ लाख ६ हजार लिटर पाणी वाहील. साडेपाच मीटर केलं तर ६५ हजार. वर सिमेंटचाही तेवढा खर्च वाचतो, आणि हा मुद्दा अधिकाऱ्यांना लवकर पटतो.

दुसरी, उताराची. रस्ता मधे थोडा उंच आणि दोन्ही कडांना उतरता, किंवा सरळ एकाच कडेला उतरता हवा. उतार ज्या बाजूला, त्या बाजूला गवताळ चर. कडेला कर्ब (रस्त्याच्या काठाची उंच सिमेंटची पट्टी) बसवणार असतील तर दर तीन-चार मीटरला विटेएवढी फट ठेवायला सांगा, नाहीतर पाणी चराच्या कडेने जाईल पण चरात उतरणार नाही.

तिसरी, पातळीची. रस्त्याचा वरचा थर घरांच्या जोत्याच्या आणि अंगणाच्याही खाली राहिला पाहिजे. जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा थर चढवला की दहा वर्षांत अंगणं खड्ड्यात जातात आणि प्रत्येक पावसात लोक उंबऱ्यावर पोती लावून बसतात. आधी खरवडून मग थर, हे पत्रात स्पष्ट लिहा.

चौथी, पाइपलाइनची. पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल हे सगळं शक्यतो एकाच कडेला आणि रस्त्याआधी. ज्या कडेला लाइन नाही ती कड झाडांची.

आता तो चर. वर सव्वा मीटर रुंद, तळाशी ४० सेंटिमीटर, खोली २५ सेंटिमीटर. बाजू तिरप्या, म्हणजे सायकलवरचं पोरगं चुकून त्यात गेलं तरी पडणार नाही. तळाला काळी माती असेल तर ती काढून मुरूम, क्रशरची धुतलेली कच आणि शेणखत मिसळलेली माती भरा. वर हरळी लावा. ती तुडवली तरी जगते, वाळली तरी पहिल्या पावसाला परत हिरवी होते. जिथे पाण्याला जोर आहे तिथे वाळ्याचे ठोंब आडवे लावा. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरतात. उतार जास्त असेल तर दर ८-१० मीटरला चरात दगडांची आडवी रांग रचा, चराच्या काठापेक्षा थोडी खाली, म्हणजे पाणी थबकेल आणि जास्तीचं वरून जाईल. असा चर ४०० मीटर लांब निघाला तर कागदावर ८० हजार लिटर मावतं. उतारामुळे प्रत्यक्षात निम्मं, ४० हजार धरा.

चराचा खरा शत्रू म्हणजे घरासमोरचा रॅम्प. गाडी आत घ्यायला प्रत्येकजण नालीवर सिमेंट ओततो आणि खाली चार इंची पाइप टाकतो. पहिल्याच पावसात त्यात प्लास्टिकची पिशवी अडकते आणि वरच्या पाच घरांचं पाणी रस्त्यावर येतं. रॅम्पखाली किमान १२ इंची सिमेंट पाइप टाका किंवा उचलता येईल अशी लोखंडी जाळी बसवा. जाळी महाग पडते, पण साफ करता येते. कॉलनीने एकाच मापाच्या जाळ्या एकाच फॅब्रिकेटरकडून एकदम करून घेतल्या तर दर बराच खाली येतो आणि शेजाऱ्याचा रॅम्प उंच, माझा खाली, हा वादही मिटतो.

पाचवं काम : घराघरातलं पाणी

छपराचं पाणी सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात सोपं. ८० चौरस मीटरच्या गच्चीवरून, वाया जाणारं वजा करून, वर्षाला सुमारे ४५ हजार लिटर मिळतं. ८० घरांचं मिळून ३६ लाख. छपराचं पाणी साठवण्या-मुरवण्याच्या नियमाची सक्ती मोठ्या प्लॉटांवर आहे, तीस बाय पन्नासचा प्लॉट तिच्यातून सुटतो, म्हणून हे काम कॉलनीनेच मनावर घ्यायला हवं.

ज्यांच्याकडे हौद आहे त्यांनी आधी हौद भरावा. पहिल्या पावसाची गच्चीची घाण बाजूला काढायला पाइपला वेगळा टी आणि झाकण ठेवा. हौद भरल्यावरचं पाणी बोअरकडे. बोअरच्या केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, खालच्या भागातल्या केसिंगला छिद्रं पाडून त्याभोवती नायलॉनची जाळी, आणि खड्ड्यात खालून वर मोठे दगड, खडी, मग जाडी वाळू. केसिंगला छिद्रं पाडताना बोअरमध्ये माती जाणार नाही याची काळजी घेणारा माहीतगार माणूस लावा, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून आराखडा पाहून घ्या. एक नियम मात्र कधीच मोडू नका : बोअरमध्ये फक्त छपराचं पाणी. रस्त्याचं, अंगणाचं, न्हाणीचं पाणी त्यात गेलं तर पूर्ण गल्लीचं भूजल नासतं, आणि ते परत सुधारता येत नाही. ड्रेनेज लाइन नसलेल्या कॉलनीत घरोघरी सेप्टिक टँक असतात. पुनर्भरणाचा बोअर त्यांपासून किमान १५ मीटर दूर असावा.

बोअर नसेल तर अंगणात पाऊसवाफा करा. १०० चौरस मीटर छत आणि पक्क्या अंगणाचं २५ मिलिमीटर पावसाचं पाणी सुमारे २,००० लिटर होतं. दहा चौरस मीटरचा, वीस सेंटिमीटर खोल वाफा ते सगळं पोटात घेतो. त्यात कर्दळ, गवती चहा, अडुळसा, निर्गुडी लावा. या झाडांना दोन दिवस पाय ओले राहिले तरी चालतं आणि उन्हाळ्यात तहानही सोसते.

न्हाणीच्या आणि धुण्याच्या पाण्यासाठी आपल्याच भागात सिद्ध झालेली पद्धत आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन गावातल्या उघड्या नाल्या आणि त्यासोबत डासही घालवले. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधे छिद्रांची टाकी, भोवती दगड. खोल काळ्या मातीत तो नीट चालत नाही. तिथे न्हाणीचं पाणी आधी कर्दळीच्या लांबट वाफ्यातून फिरवून मग झाडांना द्या. कपड्याच्या पावडरचं पाणी एकाच झाडाला रोज घालू नका. जमिनीत क्षार साचतात.

सहावं काम : ओपन स्पेस

इथे पूर्ण जागेत लॉन आणि भोवती चालायला पेव्हर ब्लॉक, हा आराखडा हमखास पुढे येतो. मराठवाड्यात लॉन जगवायचं म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत टँकर विकत घ्यायचा. ते करू नका.

सगळ्यात सखल भागात २०० चौरस मीटरची उथळ खोलगट जागा करा, खोली ३० सेंटिमीटर, काठ सपाट उतरते. ती ६० हजार लिटर धरते. चरांचे ४० हजार आणि हे ६० हजार मिळून १ लाख लिटर झाले, म्हणजे साडेपाच मीटरच्या रस्त्याचे ६५ हजार घेऊन आजूबाजूच्या अंगणांच्या पाण्यालाही जागा उरली. पावसाळ्यातले काही तास सोडले तर ही जागा कोरडीच असते; पोरं तिथे क्रिकेट खेळतील. बाहेर पडणाऱ्या पाण्याला दगडी सांडवा काढा आणि तो नाल्याला जोडा. सांडव्याशिवाय कुठलाही खड्डा करू नका. मोठ्या पावसात तोच कुणाच्या तरी घरात फुटतो.

चालायची वाट मुरमाची, दाबून घेतलेली, वर कच टाकलेली. गुडघ्यांना ती बरी आणि पाणीही मुरतं. बसायला ओटे झाडांच्या सावलीत. नाल्याच्या पात्रात काही बांधू नका, काही लावू नका, त्यावर स्लॅब टाकू देऊ नका. काठावर मात्र अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर लावा.

संभाजीनगरकरांना हे वेगळं सांगायला नको. १७व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी (आजचं संभाजीनगर) वसवताना नहर-ए-अंबरी ही पाण्याची वाट जमिनीखालून खेळवली आणि शहर त्या पाण्यावर वाढलं. पाण्याची आखणी आधी आणि घरं नंतर, ही आपल्या मातीतली जुनी रीत आहे.

सातवं काम : झाडं, आणि ती मोजून

किती झाडं लावायची हे जागेवरून ठरवू नका, मे महिन्यात किती पाणी देऊ शकाल त्यावरून ठरवा. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा २० लिटर लागतं. ६० झाडांना आठवड्याला २,४०० लिटर. म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर दोन आठवडे. एवढी सोय असेल तर ६० लावा. नसेल तर २५ लावा आणि पंचवीसच्या पंचवीस जगवा. तीन वर्षांनी ती स्वतःच्या पायावर उभी राहिली की पुढची पंचवीस.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आणता येतात. पाच-सहा फुटी, पेन्सिलीपेक्षा जाड खोडाचं रोप घ्या. पिशवीच्या तळाशी मूळ गोल गुंडाळलेलं असेल तर ते रोप सोडून द्या.

रस्त्याकडेला सावलीसाठी कडुनिंब, करंज, काळा शिरीष, बकुळ. विजेच्या तारांखाली कांचन, आपटा, पारिजातक, कढीपत्ता, म्हणजे महावितरणच्या माणसाला दरवर्षी कुऱ्हाड घेऊन यावं लागणार नाही. दसऱ्याला पानं ओरबाडली जातात म्हणून आपटे दोन-चार तरी लावाच आणि पोरांना सांगा की फांदी मोडायची नाही. ओपन स्पेसमध्ये वड, पिंपळ, जांभूळ. मुरमाड कोपऱ्यात सीताफळ, बोर, कवठ, बेल, बहावा, पळस. बालाघाटाच्या मुरमात सीताफळ पाणी न घालताही तग धरतं, हे बीडकडच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

काय लावायचं नाही, तेही ठरवा. कोनोकार्पस भराभर वाढतो आणि हिरवागार दिसतो, पण त्याच्या परागांचा श्वसनाला त्रास होतो आणि मुळं पाइपलाइनमध्ये घुसतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. सप्तपर्णीच्या उग्र वासाने दम्याच्या माणसाला रात्र काढणं कठीण होतं. सुबाभूळ पसरत जाते. गुलमोहर सुंदर आहे, पण वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात, म्हणून गाड्या उभ्या राहतात तिथे नको.

दिशेचा विचार करा. उत्तर-दक्षिण रस्त्याच्या पश्चिम कडेला आधी झाडं लावा, दुपारनंतरची सावली रस्त्यावर पडते. पूर्व-पश्चिम रस्त्यावर मे महिन्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, तिथे दोन्ही कडांना आलटून पालटून लावा. मोठ्या झाडांत ८ ते १० मीटर अंतर.

खड्डा उन्हाळ्यातच काढून ठेवा, तीन फूट लांब-रुंद-खोल. मुरमात खणलेला खड्डा कुंडीसारखा बंद होतो आणि मुळं आतच फिरत राहतात. म्हणून तळ आणि बाजू पहारेने फोडा. काळ्या मातीत खड्ड्यात एक भाग कच आणि एक भाग शेणखत मिसळा. लागवड दोन चांगले पाऊस झाल्यावर आणि वापसा आल्यावर, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहिल्यावर करा. चिखलात लावलेल्या रोपाच्या मुळांना हवा मिळत नाही. रोपाभोवतीचं आळं चराकडे तोंड करून उघडं ठेवा, म्हणजे रस्त्याचं पाणी त्यात वळेल. आळ्यात उसाचं पाचट किंवा सोयाबीनचा भुसा, वाळलेला पाला चार बोटं जाड पसरा, खोडाला न चिकटवता. जाळी लावा, मोकाट जनावरं एका रात्रीत वर्षाचं काम संपवतात.

आधीपासून उभी असलेली झाडं रस्ता करताना तोडायची वेळ आली तर लक्षात ठेवा, महापालिका-नगरपालिका हद्दीत १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वावराच्या बांधावरचा जुना कडुनिंब कॉलनीत आला असेल तर ले-आऊटच्या नकाशावर त्याची खूण करा आणि रस्ता त्याला वळसा घालून न्या.

लोक काय म्हणतील, आणि सांभाळ

डास होतील, साप येतील, गाडी कुठे लावू. हे तीन प्रश्न बैठकीत येणारच, आणि तिन्ही खरे आहेत.

डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडा-दहा दिवस साचलेलं पाणी लागतं. चर आणि वाफे ४८ तासांत रिकामे झालेच पाहिजेत. न झाले तर तळ परत फोडा किंवा खोली कमी करा. टायर, कुंड्यांच्या ताटल्या, उघडे हौद यांत डेंग्यूचा डास जास्त होतो, त्यामुळे आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. सापाची भीती रिकाम्या प्लॉटांवरच्या गाजरगवतामुळे असते. प्लॉटमालकांना पत्र द्या आणि ते फुलायच्या आत, ऑगस्टमध्ये उपटून टाका, हातमोजे घालून. चरातलं गवत घोट्याएवढं ठेवा. गाडीसाठी दोन झाडांच्या मधल्या जागेत मुरूम दाबून एक-एक गाडीचा थांबा करून द्या, म्हणजे लोक चर बुजवणार नाहीत.

सांभाळाचं वेळापत्रक लहान आहे, पण ते कुणाच्या तरी नावावर हवं. मे अखेर चर, सांडवा, रॅम्पखालच्या जाळ्या यांतला गाळ काढायचा. तो गाळ झाडांच्या आळ्यात घालता येतो. जूनमध्ये पहिल्या पावसात फिरून कुठल्या फटीतून पाणी आत येत नाही ते बघायचं. ऑक्टोबरात आळ्यांवर पाल्याचं आच्छादन. फेब्रुवारीपासून पाण्याची पाळी : ज्या घरासमोर झाड, त्या घराच्या दोन बादल्या, आणि ओपन स्पेसच्या झाडांना समितीचा टँकर. पैशांसाठी ग्रामपंचायतीत रोजगार हमीतून लागवड आणि शोषखड्डे घेता येतात. शहरांत माझी वसुंधरा अभियानाच्या निमित्ताने पालिकेकडे प्रस्ताव देता येतो. पण पहिल्या वर्षाची गल्ली स्वतःच्या वर्गणीतून करा. एकाच गल्लीचा चर, पाच-सहा रॅम्प आणि दहा झाडं. पुढच्या पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी तुंबलं नाही की बाकीच्या गल्ल्यांतली माणसं मापं विचारायला येतात. तेव्हा द्यायला उताराचा कागद, खड्ड्याच्या नोंदी आणि रस्त्याच्या पत्राची प्रत एका फाइलमध्ये लावून ठेवा, आणि समिती बदलली की ती फाइल सही घेऊन नव्या सचिवाकडे द्या.